दोन घोडे कमी

आमच्या शुक्रवार पेठेत मल्लप्पा समोरून येताना दिसले की माणसं पोट आत ओढून घ्यायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वजन किती हो तुमचं?" लग्नाला जा, मयताला जा, हाच प्रश्न. एकदा तर देवळात पुढं उभ्या असलेल्या भरल्या अंगाच्या एका बाईंना त्यांनी विचारलं. बाईंचे यजमान बाह्या सावरत पुढं आले. अप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "रागावू नका की. आमची विहीण येवडीच हाय. अंदाज घेत हुतो." यजमानांनी बाईंना घेऊन दुसरी रांग धरली.

तुम्ही म्हणाल, माणूस खुळा. पेठही तेच म्हणायची. मी भिंतीला भिंत लागून राहणारा, म्हणून जरा जास्त जोरात म्हणायचो. मी तुळजापूर रस्त्याच्या जकात नाक्यावर कारकून. पाळी पहाटेची, त्यामुळं दुपारी दोन तास डोळा लागला तर लागला. आणि नेमकी दुपारीच अप्पांच्या अंगणात ती गाडी खोकायला लागायची.

गाडीचं सांगितल्याशिवाय अप्पा कळायचे नाहीत. ते मिलमध्ये फिटर होते. मिलच्या कुठल्याशा साहेबाची जुनी विलायती गाडी शेडमध्ये पडून होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. अप्पा निवृत्त झाले तेव्हा मिलनं तीच त्यांच्या गळ्यात मारली, म्हणजे शेड मोकळी आणि निरोप समारंभही झाला. अप्पांनी सहा महिन्यांत ती चालू केली आणि पेठेत मोटारवाले म्हणून फिरायला लागले. इंजिन आठ घोड्यांच्या ताकदीचं. अप्पांच्या लेखी ते आठ घोडे खरेखुरे होते. "नाकेदार, आठातले तीन म्हातारे झालेत, एक आळशी हाय. वडतात चारच. दोन घोडं कमी पडत्यात बघा."

हे "दोन घोडं कमी पडत्यात" त्यांच्या जिभेवरच बसलेलं. माझ्या घरचा चहा पातळ झाला, तर दोन घोडं कमी. पावसानं दडी मारली, दोन घोडं कमी. सरकार पडलं तरी तेच. पोरांनी त्यांचं नाव घोडेअप्पा ठेवलं, आणि मोठ्यांनी ते उचललं. मीही उचललं, खोटं कशाला बोलू?

आता ते दोन घोडे त्यांना कशाला हवे होते ते ऐका.

अप्पांना एकच लेक, कस्तुरी. बायको लवकर गेली, पोरीला अप्पांनीच वाढवली. वेणी घालायलासुद्धा तेच, आणि ती वेणी मशीनवर पिळल्यासारखी घट्ट असायची. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली तिचं लग्न झालं. नातेपुत्याचं घर, कापडाचं दुकान, सासरा बोलायला फटकळ. लग्न सोलापुरात लागलं आणि दुसऱ्या दिवशी नव्या जोडप्याला घेऊन तुळजापूरला देवीच्या पायावर घालायचं ठरलं. अप्पा छाती फुगवून म्हणाले, "व्याही, तुमी आमच्या गाडीतनं यायचं." गाडीत नवरा-नवरी, व्याही, विहीणबाई आणि चालवायला अप्पा, असे पाच जण. आम्ही बाकीचे मागून ट्रकमध्ये, भांड्याकुंड्यांवर बसून.

तुळजापूरच्या अलीकडं घाट लागतो. मोठा नाही, पण आहे. पहिल्या वळणावर गाडीनं मान टाकली. बॉनेटमधून वाफ निघाली, पुढं जाण्याऐवजी गाडी मागंच सरकायला लागली. सगळे उतरले. जरीचा फेटा बांधलेला व्याही मोटार ढकलतोय आणि शेजारून कडब्याची बैलगाडी खुशाल पुढं निघून जातेय. बैलगाडीवाला वळून म्हणाला, "बांदू का मागं?" आम्ही ट्रकमध्ये हसून हसून लोळलो. शेवटी व्याही आणि विहीणबाई ट्रकमध्येच चढले. विहीणबाईंना पिठाच्या डब्यावर जागा मिळाली. व्याह्यांच्या नव्या धोतराला ऑइल लागलं होतं. ते बघत ते म्हणाले, "अप्पा, आमा पाच जनास्नी खाली न उतरवता तुमची गाडी हा घाट चढली, की मगच या लेकीला माहेरी न्यायला. तवर येऊ नका."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मोठ्यांदा हसलो. अप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, एखादी अट कबूल करावी तशी.

आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात. पण आपापल्या उठून येत नाहीत, ते बरं दिसत नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला जावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ असला तर भाऊ, नसला तर बाप. पहिली पंचमी आली. पेठेत झोके बांधले गेले, घराघरांत लेकी आल्या. मी अप्पांना म्हटलं, "जा की, आणा कस्तुरीला." अप्पा गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "कसं जाऊ? घाट कुटं चढलीय अजून?"

मी म्हटलं, "अहो, चेष्टेत बोलले ते."

"व्याही चेष्टेत बोलत न्हाई, नाकेदार. आणि मी चेष्टेत ऐकत न्हाई."

यावर मी काय करायला पाहिजे होतं? पाय धरून बाहेर ओढायला पाहिजे होतं. मी कपाळाला हात लावला आणि घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवली. ती हसली म्हणून मग पेठेतही दाखवली.

तिथून पुढं सहा वर्षं. पेन्शन बेताची, नवं सामान घ्यायची ऐपत नाही, म्हणून जे काय करायचं ते हातानं आणि भंगारातून. आधी त्यांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह काढले आणि लाकडी दांड्याला लावून पेस्टमध्ये घासत बसले. दोन हातांत दांडा धरून चक्‌ चक्‌ चक्‌, ताक घुसळल्यासारखं, महिनाभर. मग सायलेन्सर काढून टाकला, का तर धूर मोकळा गेला की घोड्यांना दम लागत नाही. त्या दिवशी गाडी सुरू झाली आणि आमची दुभती म्हैस दावं तोडून थेट दुसऱ्या पेठेत गेली. मी भांडायला गेलो. अप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हैस किती जोरात पळाली?"

मग हेड. इंजिनाच्या वरचं झाकण थोडं तासलं की आतली जागा कमी होते, दाब वाढतो, ताकद वाढते. हे मला अप्पांनीच इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेत म्हणून दाखवीन. लेथवाले करीमभाई त्यांचे मिलमधले दोस्त, ते फुकट तासून द्यायचे. एका वर्षी दोन कागदांइतकं, पुढच्या वर्षी आणखी दोन. शेवटी करीमभाई वैतागले. "अप्पा, ये इंजिन का हेड है के साबन की वडी? अब घिसने को कुछ रह्याच नै." दाब इतका वाढला की गाडी सुरू करायला हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि अप्पांचं मनगट मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघितलं का नाकेदार, घोडं लाथा घालायला लागलं!"

पेट्रोल महागलं तेव्हा तर बहार झाली. अप्पा पंपापर्यंत गाडी ढकलत न्यायचे, पेट्रोल वाचवायला. जी गाडी कुणाला ढकलायला लागू नये म्हणून एवढा आटापिटा, तीच रोज ढकलत. मी नाक्यावरून परत येताना हे बघायचो आणि, खरं सांगतो, रस्ता बदलायचो. हात लावायला लागला असता.

वजन कमी करायचं म्हणून त्यांनी बंपर काढला, जादा चाक काढलं, मागची गादी काढून तिथं खाटेसारखी नवार विणली. दर उन्हाळ्यात परीक्षा. पेठेतले चार जण निवडायचे, व्याह्यांच्या, विहिणीच्या, पोरीच्या, जावयाच्या वजनाचे, आणि चला घाटाला. आता कळलं ना तो वजनाचा प्रश्न? पेठेत यावरून भांडणं व्हायची, कारण तुळजापूरची फुकट वारी होती. घाटात उतरायचं, ढकलायचं, हसायचं, दर्शन घ्यायचं, पेढे खायचे, परत. आमच्यातल्या एकानंही अप्पांना सांगितलं नाही की बाबा, हे थांबव. थांबवलं असतं तर आमची मजा गेली असती.

आणि पत्रं. अप्पांना वाचता यायचं ते कानडी, मराठी अक्षर लागायचं नाही. म्हणून कस्तुरीचं कार्ड आलं की वाचायला मी, आणि उत्तर लिहायला मीच. श्रावणाच्या तोंडावर दर वर्षी कार्ड यायचं. "इकडे सर्व खुशाल. तब्येतीला जपावे. पंचमी जवळ आली." बस्स. सहा वर्षं तेच, शब्दाला शब्द. एका वर्षी त्यात "मुलगी झाली" एवढं जास्त होतं. आई नसलेल्या पोरीचं बाळंतपण सासरीच झालं. अप्पांनी नातीला सोलापुरी चादर पार्सलनं पाठवली आणि मला उत्तर सांगितलं, "लिव्हा. हेड बसवलं. कार्बोरेटर मोठ्या गाडीचा मिळालाय. येतोच." मी ते तसंच लिहिलं. एकदा थट्टेनं खाली "सर्व घोड्यांचा आशीर्वाद" असंही लिहिलं. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात करीमभाईंनी तोड काढली. अशाच एका गाडीची माल वाहणारी बहीण भंगारात निघाली होती. तिच्या मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रं वेगळी होती, गाडी हळू पळायची पण ओझं ओढायची. ती काढून अप्पांच्या गाडीला बसवायची, एवढंच काम. अप्पा दोन दिवस तयार होईनात. "ही लबाडी झाली. घोडं वाढलं कुटं?"

करीमभाई म्हणाले, "घोडे उत्तेच रैंगे अप्पा. बस, आहिस्ता जाव. कायकू घाई करते?"

अप्पांनी शेवटी ऐकलं. या वेळी माणसं घ्यायला ते तयार नव्हते, पेठेतले लोक वजन चोरून सांगतात म्हणाले. वाळूची चार पोती भरली, माझ्या नाक्याच्या काट्यावर तोलली. प्रत्येक पोत्यावर खडूनं कानडीत नाव. व्याही, विहीण, जावई, कस्तुरी. कस्तुरीचं पोतं सगळ्यांत लहान, ते त्यांनी स्वतःशेजारी पुढं ठेवलं. मी नवारीवर टेकायला गेलो तर म्हणाले, "तुमी न्हाई, नाकेदार. सहावं माणूस हिशेबात न्हाई." मी मग एसटीनं घाटाच्या पायथ्याशी जाऊन उतरलो आणि चालत निघालो. आणि गाडी माझ्या शेजारून, माझ्याच चालीनं, घुं घुं करत चढली. एकदाही थांबली नाही. माथ्यावर अप्पांनी ती उभी केली, उतरले, आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या माणसाचे केस सगळे पांढरे झालेत.

व्याह्यांनी शंका घेऊ नये म्हणून त्यांना माझ्याकडून चिठ्ठी हवी होती. अमुक वजन घेऊन गाडी न थांबता घाट चढली, मी डोळ्यांनी पाहिलं, खाली सही. नाक्याचा शिक्काही मागत होते. मी चिठ्ठी लिहून दिली, पण "शिक्का मारला तर माझी नोकरी जाईल," म्हटलं. मग म्हणाले, "तर तुमीच चला. साक्षीदार."

असं आम्ही पंचमीच्या दिवशी पहाटे सोलापूर सोडलं आणि दुपार कलताना नातेपुत्याला पोचलो. रस्ता सपाट, पण आमची चाल ती घाटातलीच. वाटेत सायकलवाले पुढं गेले. अप्पांनी नवा फेटा बांधला होता. दुकानासमोर गाडी उभी केली आणि हॉर्न दिला.

व्याही बाहेर आले. ओळखायला जरा वेळ लागला. "अरं, अप्पा! या की, या. लई वर्सांनी!" अप्पांनी हात जोडले, खिशातून चिठ्ठी काढून दिली. व्याह्यांनी ती दोनदा वाचली. "कसला घाट?"

अप्पा म्हणाले, "तुमी म्हणाला हुता. पाच जणांसकट चढली तर लेकीला न्यायला या."

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग पुन्हा चिठ्ठीकडं. "मी म्हनलो? कवा?" आणि खदाखदा हसायला लागले. "अवो चेष्टेत म्हनलो आसंन! तुमी सा वर्सं न्यायला आला न्हाई, आमी म्हनलं अप्पास्नी लेकीची गरज न्हाय. एकदा इचारलं पन न्हाई तुमी."

देवाशप्पथ सांगतो, त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. पण कशाच्या जोरावर धरू? मीही त्या ट्रकमध्ये हसत होतोच की.

अप्पांच्या तोंडावरचा रंग उतरला. तरी ते म्हणाले, "आता आलोय. पाठवा."

"आता कशी पाठवू? आमची लेक आलीया माहेरपनाला, तिला करून घालायला कोन? पुढल्या साली न्या की."

तेवढ्यात कस्तुरी दारात आली. हात पिठाचे. तिच्या पदरामागून पाच वर्षांची एक पोर आमच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तशी बघत होती. आत झोक्यावर नणंद बसलेली. कस्तुरी खाली वाकून अप्पांच्या पाया पडली. अप्पांनी व्याह्यांना विचारलं, आणि ते विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला मान खाली घालावी लागली. "गाडीतनं गावातल्या गावात एक फेरी मारून आणू का हिला?"

"मारा की. पुरनाची दिंडं करायचीत म्हनावं, लवकर या."

कस्तुरी हात धुऊन पुढं बसली, मी मागं नवारीवर. तिथली पेठ ओलांडून गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली. मग कस्तुरी म्हणाली, "अप्पा, यष्टी येते की हितं. सकाळी एक, दुपारी एक."

अप्पा रस्त्याकडंच बघत गाडी हाकत राहिले.

"पयल्या वर्सी मी दोनी यष्ट्या बगायची. तुमी न्हाय तर नाकेदारकाका तरी येतील म्हनायची." ती मागं वळली नाही. "सासरे वाचल्याबिगर कार्ड टाकत न्हाईत. म्हनून लिवायची पंचमी आली. दुसरं काय लिवनार?"

मी मागं बसून काय करावं? सहा वर्षं ते कार्ड मी मोठ्यानं वाचत होतो. कारकुनाला त्यातलं कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. नातेपुत्याचं तिकीट काढायला मला कुठले घोडे लागणार होते? दोन दिवसांची रजा काढली असती तर पोर माहेरी आली असती. पण लोकाच्या पोरीसाठी रजा कोण काढतो?

कालव्यापाशी अप्पांनी गाडी वळवली. "सासऱ्याचं बोलणं मी मनात धरलं न्हवतं गं," ते म्हणाले. "माणूस लागंल तसं बोलतो. पर त्या दिवशी घाटात तू ढकलत हुतीस. हळदीचं अंग, हातात हिरवा चुडा, आणि गाडीला खांदा लावून. मला आरशात दिसत हुतं. लेकीला सासरी घालवताना बापानं तिच्याकडनं गाडी ढकलून घेतली. पुन्यांदा त्या गाडीत तुला कुठल्या तोंडानं बस म्हणू?"

कस्तुरीनं त्यांच्याकडं बघितलं. "अवो अप्पा, मला तर मजा वाटली हुती."

घर जवळ आलं. अप्पांचा पाय ब्रेकवर गेला, तशी ती हळूच म्हणाली, "आनि एक फेरी मारा की."

अप्पांनी गाडी थांबवली नाही. पुन्हा पेठ, पुन्हा कालवा, त्याच बैलाच्या चालीनं. मग तिनं आणखी एक मागितली. तिसऱ्या फेरीला व्याही रस्त्यात येऊन उभे राहिले, तेव्हा ती उतरली, पदर सारखा केला आणि दिंडं करायला आत गेली. सहा वर्षांनी तिला माहेर मिळालं ते एवढंच, नातेपुत्याच्या पेठेपासून कालव्यापर्यंत, तीन वेळा.